आदेश, आवाहन आणि अफवा : कोविडकाळात शासन आपल्याशी नीट बोलले का?

सांजवारा
कोविडच्या लाटा ओसरून आता काही वर्षे झाली आहेत, त्यामुळे या विषयावर पूर्वीपेक्षा शांतपणे बोलता येईल असे वाटते. खाटा, प्राणवायू, लसी यांवर पुष्कळ चर्वितचर्वण झाले आहे. मला विचारायचे आहे ते शासनाच्या बोलण्याबद्दल, म्हणजे पत्रकार परिषदा, आदेश, परिपत्रके आणि समाजमाध्यमांवरची भाषणे यांबद्दल.

माझे मत आधीच सांगतो. निर्णय कडक होते म्हणून लोक फारसे चिडले नाहीत. ते अवेळी आणि अर्धवट कळवले गेले म्हणून चिडले. जनता कर्फ्यू २२ मार्च २०२० रोजी होता आणि त्याची घोषणा १९ तारखेला झाली होती. त्यानंतर दोनच दिवसांनी, २४ तारखेला रात्री आठ वाजता, मध्यरात्रीपासून २१ दिवसांची टाळेबंदी जाहीर झाली. एका दिवसाच्या बंदसाठी तीन दिवसांची पूर्वसूचना आणि एकवीस दिवसांच्या बंदसाठी चार तासांची, हे गणित मला अजून उलगडलेले नाही. किराणा आणि औषधे मिळत राहतील की नाही, हे भाषण संपेपर्यंत बहुतेकांना नीट कळले नव्हते, आणि त्याच रात्री दुकानांपुढे जी झुंबड उडाली तिचे कारण तेच होते.

तुम्हाला कोणाचे बोलणे समजले, कशावर विश्वास बसला, आणि पुढच्या साथीत आदेश कसे निघावेत असे वाटते?

कुंपणावरचा
माझा विश्वास फक्त फोन लावल्यावर ऐकू येणाऱ्या खोकल्यावर बसला, कारण तो एकटाच दररोज न चुकता आणि शब्दही न बदलता येत असे.

दक्षिणकडा
सांजवारा, तुमचे गणित कागदावर बरोबर आहे, पण व्यवहारात त्याचा परिणाम काय झाला असता तेही पाहा. पुणे आणि मुंबईच्या स्थानकांवर २०-२१ मार्चलाच गावी निघालेल्यांची तोबा गर्दी होती. महाराष्ट्रातले पहिले रुग्ण ९ मार्चला पुण्यात सापडले होते आणि संसर्ग नेमका कुठवर पोहोचला आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. अशा वेळी तीन दिवसांची मुदत दिली असती, तर त्या तीन दिवसांत विषाणू रेल्वेच्या सर्वसाधारण डब्यातून गावोगाव पोहोचला असता. काही निर्णय अचानकच घ्यावे लागतात.

पैलतीर
निर्णय अचानक घ्यावा लागला, हे मान्य करू. पण त्यानंतरचे तीन आठवडे तर शासनाच्या हाती होते ना? १४ एप्रिलला सकाळी टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढल्याचे जाहीर झाले आणि त्याच दुपारी वांद्रे स्थानकाबाहेर मजुरांचा प्रचंड जमाव गोळा झाला. त्याआधी १४ तारखेनंतरच्या गाड्यांचे आरक्षण सुरूच होते. एकीकडे तिकीट विकले जात आहे आणि दुसरीकडे गाडी सुटणार नाही असे सांगितले जात आहे, अशा स्थितीत माणसाने कशावर विश्वास ठेवायचा? नंतर अफवा पसरवणाऱ्यांवर गुन्हे नोंदवले गेले. अफवेला जागा कोणी करून दिली, याची चौकशी मात्र झाल्याचे माझ्या वाचनात आले नाही.

१ मेपासून श्रमिक विशेष गाड्या सुरू झाल्या. पोलीस ठाण्यात नाव नोंदवायचे आणि वाट पाहायची, अशी पद्धत होती. आपला क्रमांक कधी लागणार हे सांगणारे कोणी नव्हते. ८ मेच्या पहाटे करमाडजवळ मालगाडीखाली जे १६ मजूर गेले, ते जालन्याहून रुळांच्या कडेने चालत निघाले होते आणि थकून रुळांवरच झोपले होते. ‘तुमची गाडी अमुक तारखेला’ एवढा निरोप हाती असता, तर माणसे असा रस्ता धरत नाहीत.

अबोली
मला मुख्यमंत्र्यांची फेसबुकवरची थेट भाषणे आठवतात. उद्धव ठाकरे यांचे राजकारण कोणाला पटो वा न पटो, त्या काळात त्यांच्या बोलण्यात आरडाओरडा नव्हता, हे मान्य करावे लागेल. आमच्या सासूबाई दूरचित्रवाणीवरच्या चर्चा ऐकून हवालदिल होत असत. हे भाषण मात्र त्या शेवटपर्यंत ऐकत आणि मग शांतपणे झोपायला जात. आरोग्यमंत्री राजेश टोपे तर जवळजवळ रोज माहिती देत असत. भीतीच्या काळात ठरावीक माणूस ठरावीक सुरात बोलतो आहे, याचाही आधार वाटतो.

जमाखर्च
अबोलीताई, सूर सौम्य होता हे खरे, पण सौम्य सुराने दुकान उघडायचे की नाही हे कळत नाही. माझे कापडाचे दुकान आहे. ४ एप्रिल २०२१ ला, रविवारी, ‘ब्रेक द चेन’चे निर्बंध जाहीर झाले. बातम्यांत ठळकपणे काय आले, तर शुक्रवारी रात्री आठ ते सोमवारी सकाळी सातपर्यंत टाळेबंदी. आम्ही समजलो की सोमवार ते शुक्रवार धंदा करता येईल. आदेश वाचला तेव्हा कळले की जीवनावश्यक वस्तूंखेरीज सगळी दुकाने महिनाअखेरपर्यंत पूर्ण बंद! १३ तारखेला गुढीपाडवा होता, माल उधारीवर भरून ठेवला होता. बाजारपेठेतले सगळे व्यापारी दोन दिवस एकमेकांना तोच आदेश वाचून दाखवत होते आणि प्रत्येकजण त्यातून वेगळा अर्थ काढत होता.

१३ एप्रिलला ५,४७६ कोटींचे साहाय्य जाहीर झाले. परवानाधारक रिक्षाचालकांना १,५०० रुपये मिळाले, ते योग्यच झाले. पण दुकानातल्या नोकरांचा त्यात कुठे उल्लेख आहे, हे शोधता शोधता माझे डोळे दुखले.

टपालखाते
मी त्या काळात एका जिल्हाधिकारी कार्यालयात होतो, आता निवृत्त झालो आहे. जमाखर्च यांची तक्रार रास्त आहे, म्हणून आदेश कसा बाहेर पडत असे ते सांगतो.

मंत्रालयातून मुख्य सचिवांच्या सहीचा आदेश येई, तो बहुधा संध्याकाळनंतर आणि इंग्रजीत. त्याला १८९७ चा साथरोग कायदा आणि २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा असे दोन आधार असत. त्यावरून जिल्हाधिकाऱ्यांना जिल्ह्यापुरता मराठी आदेश काढावा लागे, आणि महापालिका असेल तर आयुक्तांचा आदेश वेगळा निघे. तीन कागद, तीन सह्या, तीन वेळा. मूळ आदेशातील एखादे वाक्य दोन अर्थांचे असले, तर आम्ही वर फोन करून विचारत असू आणि वरून उत्तर येई की खुलासा येतो आहे. खुलासा येईपर्यंत शहरात एक अर्थ आणि शेजारच्या तालुक्यात दुसरा अर्थ लागू झालेला असे.

त्यात आणखी एक भर होती. आदेशावर सही होण्याआधीच त्याचा मसुदा व्हॉट्सॲपवर फिरू लागे. मग आम्ही सही झालेली प्रत टाकली, की लोक विचारत, ‘साहेब, यातले खरे कोणते?’ एका तालुक्यात तर जुन्याच आदेशावरची तारीख बदलून कोणीतरी तो पुन्हा फिरवला होता आणि आठवडी बाजार त्या कागदाच्या जोरावर उठवला गेला. नव्या आदेशात जुन्या आदेशाचे कोणते कलम बदलले, हे सुरुवातीलाच चार ओळींत लिहावे, असे मी वरिष्ठांना सुचवून पाहिले होते. तशी पद्धत नाही, असे उत्तर मिळाले.

कुंपणावरचा
‘तशी पद्धत नाही’ हे वाक्य साथरोग कायद्याच्या आधीपासून लागू असावे.

नाडीपरीक्षा
लसीच्या दोन मात्रांमधल्या अंतराचा विषय अजून निघालेला नाही. सुरुवातीला कोविशील्डसाठी ४ ते ६ आठवडे सांगितले होते. मार्च २०२१ मध्ये ते ६ ते ८ आठवडे झाले आणि १३ मेला १२ ते १६ आठवडे झाले. अंतर वाढवल्यास प्रतिकारशक्ती अधिक चांगली निर्माण होते, याला चाचण्यांमधील निष्कर्षांचा आधार होता. परंतु हा निर्णय आला तो नेमका लसींचा खडखडाट असताना, आणि त्याच सुमारास ब्रिटनने विषाणूच्या डेल्टा या नव्या प्रकारामुळे पन्नाशीपुढच्यांसाठी हे अंतर बारावरून आठ आठवड्यांवर आणले. माझ्या दवाखान्यातल्या प्रत्येक दुसऱ्या रुग्णाचा प्रश्न एकच होता : ‘डॉक्टर, हे शास्त्र आहे की साठा संपला आहे?’

दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे शासनाने सरळ सांगायला हवे होते. पुरवठा कमी आहे, अंतर वाढवल्याने अधिक लोकांना पहिली मात्रा देता येईल, आणि त्याने दुसऱ्या मात्रेचा लाभ कमी होणार नाही, अशी तीन वाक्ये पुरली असती. त्याऐवजी टंचाई नाहीच असे सांगत राहिल्याने, जे शास्त्रशुद्ध होते त्यावरही संशय आला.

ऱ्हाईनकाठी
मी तेव्हाही जर्मनीत होतो आणि आजही आहे, म्हणून इथला अनुभव मांडतो. एप्रिल २०२० मध्ये चॅन्सलर मर्केल यांनी पत्रकार परिषदेत संसर्गाचा गुणांक, म्हणजे एका रुग्णाकडून सरासरी किती जणांना लागण होते तो आकडा, समजावून सांगितला होता. तो १.१ झाला तर ऑक्टोबरपर्यंत, १.२ झाला तर जुलैपर्यंत आणि १.३ झाला तर जूनमध्येच आमची अतिदक्षता व्यवस्था अपुरी पडेल, असे ते गणित होते. निर्बंध कशासाठी आहेत, हे त्या दोन मिनिटांत शाळकरी मुलालाही समजले.

मात्र इथे सगळे आलबेल होते असे कोणी समजू नये. मार्च २०२१ मध्ये ईस्टरच्या सुट्टीला जोडून कडक बंद जाहीर झाला. पगार, दुकाने, पुरवठा यांचा विचारच झाला नव्हता, म्हणून एवढा गदारोळ उठला की दुसऱ्याच दिवशी तो मागे घ्यावा लागला. मर्केल यांनी ती चूक आपली एकटीची असल्याचे सांगून जाहीर क्षमा मागितली. विरोधकांनी टीका केलीच, पण निर्णय रद्द झाला आहे की नाही याबद्दल कोणाच्याही मनात शंका उरली नाही.

जुनी पोथी
साथरोग कायदा १८९७ चा आहे, याचा उल्लेख वर आला आहे. तो फेब्रुवारी १८९७ मध्ये मुंबई-पुण्याच्या प्लेगमुळेच झाला, आणि आपल्याकडे साथीतील शासकीय संवादाचा सर्वांत वाईट धडाही त्याच वर्षीचा आहे. पुण्यात प्लेग समितीचे प्रमुख रँड यांनी गोरे सैनिक घराघरांत घुसवले. माजघरे, देवघरे तपासली गेली आणि सामान रस्त्यावर फेकले गेले. लोकांनी रोग्यांना लपवायला सुरुवात केली, म्हणजे तपासणीचा हेतूच बुडाला. २२ जूनला गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. लोकांना विश्वासात न घेता साथ आवरता येत नाही, हे तेव्हाच सिद्ध झाले होते.

पैलतीर
जुनी पोथी, यात एक पुरवणी जोडतो. सैनिकांच्या दांडगाईवर ‘केसरी’तून कडक टीका करणारे टिळक प्लेगविरोधी उपायांच्या विरोधात नव्हते. ते पुणे सोडून गेले नाहीत आणि हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय उघडण्यात त्यांनी पुढाकार घेतला. सावित्रीबाई फुले तर रोग्यांची सेवा करताना स्वतः प्लेगला बळी पडल्या. ज्यांच्यावर लोकांचा विश्वास होता अशी माणसे गावात होती. समितीने त्यांना बरोबर घेतले नाही. मुंबईत सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेग ओळखणारे डॉ. व्हिएगस हेही मूळचे गोव्याचेच, म्हणजे स्थानिक वैद्य होते.

सांजवारा
इतिहास उद्बोधक आहे, पण २०२० मध्ये अशी विश्वासातली माणसे कोण होती, याबद्दल कोणी लिहील का?

फळाखडू
मी लिहिते. मी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि त्या काळात माझी नेमणूक मुंबईतल्या एका विभागाच्या वॉररूममध्ये झाली होती. २४ विभागांत अशा वॉररूम होत्या. प्रयोगशाळांचे अहवाल महापालिकेकडे जात आणि सकाळी आपापल्या विभागाच्या याद्या आम्हाला मिळत. रुग्णाला थेट अहवाल न देण्यावर सर्वोच्च न्यायालयाने जून २०२० मध्ये आक्षेप घेतला आणि तो योग्यच होता, परंतु यादीवरून फोन करण्याची पद्धत मात्र उपयोगी ठरली.

फोनवर आम्ही ठरलेले प्रश्न विचारत असू : ताप कधीपासून आहे, ऑक्सिमीटर आहे का, असल्यास आकडा किती, घरात खोल्या किती, शौचालय स्वतंत्र आहे की सार्वजनिक. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असे. चाळीतल्या माणसाला ‘घरीच अलग राहा’ असे सांगणे म्हणजे काहीच न सांगण्यासारखे आहे. सुरुवातीला लोक फोन आपटत, शिव्या देत, ‘आम्हाला उचलून नेणार का?’ असे विचारत. मग सहकाऱ्यांनी एक साधी गोष्ट सुरू केली. बोलणे संपवताना आपले नाव सांगायचे आणि उद्या याच वेळी पुन्हा फोन करीन असे सांगून तो खरोखर करायचा. तिसऱ्या फोनला तीच माणसे शेजारच्या घरातल्या खोकल्याची माहिती आपणहून देऊ लागली. खाट नसेल तेव्हा नाही असेच आम्ही सांगत होतो, आणि ती कुठे मिळू शकेल हे शोधून पुन्हा फोन करत होतो.

धारावीतही दारोदार जाणारी माणसे आणि ओळखीचे खासगी डॉक्टर यांच्यामुळेच तपासण्या होऊ शकल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी जुलै २०२० मध्ये धारावीचे नाव घेतले, त्याचा आम्हाला सगळ्यांना फार आनंद झाला होता.

दक्षिणकडा
फळाखडू यांचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वांत उपयुक्त आहे. मे २०२१ मध्ये दिल्लीच्या प्राणवायूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुंबईचे उदाहरण पाहण्यास सुचवले होते, हेही इथे नोंदवतो. शासनाने सगळेच बिघडवले, असे चित्र नको.

आंबोळी
मुंबईचे कौतुक ऐकले, आता कोकणाचेही ऐकून घ्या. २०२० चा गणेशोत्सव २२ ऑगस्टला होता. चाकरमान्यांनी गावी यावे की नाही, आले तर किती दिवस अलग राहावे, याचा राज्य शासनाचा निर्णय ४ ऑगस्टला आला : दहा दिवस विलगीकरण, आणि १२ तारखेनंतर येणाऱ्यांना आधी चाचणी. तोवर अनेक ग्रामपंचायतींनी चौदा दिवसांचे ठराव करून टाकले होते. मुंबईकर म्हणे, ‘शासनाने दहा सांगितले आहेत,’ आणि सरपंच म्हणे, ‘ठराव चौदाचा आहे.’ आमच्या वाडीत सख्ख्या भावाने भावाला बांधावर उभे करून जेवणाचा डबा दिला. ते दोघे आज बोलतात, पण त्यांच्या बायका बोलत नाहीत.

निर्णय जुलैच्या मध्यावर आला असता, तर दहा की चौदा यावरून भांडण झालेच नसते.

मांडवीकाठ
गोव्यात तर मे २०२१ मध्ये शासनच स्वतःशी भांडत होते. गोवा वैद्यकीय महाविद्यालयात पहाटे दोन ते सहा या वेळात रुग्ण दगावत होते आणि ११ मेला तिथे २६ मृत्यू झाल्याचे समोर आले. मुख्यमंत्र्यांचे म्हणणे होते की राज्यात प्राणवायूचा तुटवडा नाही, तो वॉर्डापर्यंत वेळेवर पोहोचण्यात अडचण आहे. आरोग्यमंत्री म्हणत होते की तुटवडा आहे आणि उच्च न्यायालयाने चौकशी करावी. एकाच पक्षाचे, एकाच मंत्रिमंडळातले दोघे! बाहेर रस्त्यावर बसलेल्या नातेवाइकांनी कोणाचे खरे मानायचे? आदल्याच दिवशी अठरा वर्षांवरील सर्वांना आयव्हरमेक्टिन हे औषध देण्याचे जाहीर झाले होते, तर जागतिक आरोग्य संघटनेने ते चाचण्यांबाहेर वापरू नये असे आधीच सांगितले होते.

आकडेमोड
आकड्यांबद्दलही बोलायला हवे. १६ जून २०२० रोजी महाराष्ट्राने पूर्वी नोंदवायचे राहून गेलेले १,३२८ मृत्यू एका दिवसात एकूण संख्येत मिळवले; त्यांतले ८६२ मुंबईचे होते. त्याला ‘ताळमेळ’ असे म्हटले गेले. संख्या लपवली होती असा आरोप लगेच झाला. माझे मत थोडे वेगळे आहे. उशिरा का होईना, राज्याने ती संख्या जाहीर केली आणि नंतरही असे ताळमेळ होत राहिले, याचे श्रेय द्यायला हवे. पण नोंदी अपूर्ण आहेत आणि आकडे पुढे वाढतील, असे रोजच्या पत्रकाखाली पहिल्यापासून एक ओळ लिहून सांगितले असते, तर १६ जूनच्या पत्रकाने कोणाला धक्का बसला नसता.

कुंपणावरचा
रोजच्या पत्रकाखाली ओळ लिहायची ‘तशी पद्धत नाही’.

जमाखर्च
सांजवारा यांच्या मूळ प्रश्नाकडे येतो, कारण शेवटचा भाग सगळेच विसरले आहेत. आदेश कसे निघू नयेत याचा नमुना म्हणजे ३ जून २०२१ चा दिवस. मदत व पुनर्वसन मंत्री विजय वडेट्टीवार यांनी दुपारी पत्रकारांना निर्बंध शिथिल करण्याची पाच स्तरांची योजना सांगितली, आणि काही तासांतच शासनाकडून खुलासा आला की निर्बंध उठवलेले नाहीत, प्रस्ताव विचाराधीन आहे. मधल्या वेळात आमच्या बाजारपेठेतल्या काही जणांनी शटर वर केले होते. पुढे ७ जूनपासून जवळपास तीच योजना लागू झाली.

आणि गंमत म्हणजे ती योजना उत्तम होती. चाचणी झालेल्यांत बाधितांचे प्रमाण पाच टक्क्यांखाली आणि प्राणवायूच्या खाटा पंचवीस टक्क्यांपेक्षा कमी भरलेल्या असतील, तर पहिला स्तर, म्हणजे सर्व खुले. तिथून पाचव्या स्तरापर्यंत उतरंड. माझ्या जिल्ह्याचे दोन आकडे पाहिले की पुढच्या आठवड्यात माल भरायचा की नाही, हे मला मंत्र्यांना न विचारता कळत होते. पुढच्या साथीत असे निकष पहिल्या महिन्यातच जाहीर व्हावेत.

टपालखाते
सहमत. त्यात दोन गोष्टींची भर घालतो. मराठी आदेश इंग्रजीच्या बरोबरीने, एकाच वेळी निघावा. आणि आणीबाणी नसेल तर सहीनंतर किमान दोन दिवसांनी तो लागू व्हावा, म्हणजे खालच्या कार्यालयांना तो वाचायला तरी वेळ मिळेल.

नाडीपरीक्षा
लसीकरणाच्या आदेशांनाही हेच लागू करा, आणि कारण एका परिच्छेदात लिहा.

फळाखडू
आणि खाली एक दूरध्वनी क्रमांक द्या, जो उचलला जातो.